डाव्या चपलेतलं बी

सुभाषनगरात आमच्या गल्लीत सकाळ
आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना:
बाभळीच्या सालीत मुरलेलं कातडं,
शेजारच्या घरात परतलेला कांदा-लसूण मसाला.
मी वेणी घालायला बसते.
डोक्याची नव्हे, चपलेची.
पहिल्या पेडाला प्रभू म्हणते,
दुसऱ्याला काहीच म्हणत नाही,
तिसऱ्याला शलोमीच्या नर्सिंगच्या फीचा हप्ता आठवतो.
माझी प्रार्थना अशीच गुंफलेली असते,
सुटी करून दाखवता येत नाही.

गेल्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले,
आनंद करा, असं लिहिणारा माणूस
तेव्हा बेड्यांत होता.
मागच्या बाकावर मी मनात म्हटलं,
असेल बाबा.
पण त्याला दुपारी लक्ष्मीपुरीत
तीनदा बुडवलेली उधारी मागायला
जायचं नव्हतं.
मग हसूच फुटलं. पदर तोंडाला लावला.
येशूलाही फुटलं असेल.
सुताराच्या घरचा तो,
राहिलेले पैसे कसे मागतात, त्यानं पाहिलं असणार.

आमोसची डावी बाजू ऑगस्टात गेली.
सीपीआरच्या कॉटवर तेरा दिवस.
तेव्हापासून त्याची रापी मी धरते.
पहिले चार जोड वाकडे निघाले.
पाचवा वडणग्याच्या एका गुऱ्हाळवाल्यानं
उलटापालटा करून बघितला,
"चालतंय की," म्हणाला,
आणि घालून चालू लागला.
त्या रात्री मी भाकरी जास्त खाल्ली.

आमची चप्पल बोलते ती बियांमुळे.
दोन तळांच्या मधे, शिवणीच्या आधी,
बी ठेवायचं.
वरून दिसत नाही.
खिळ्याला टांगली तर गप्प,
खोक्यात गप्प,
पुण्याच्या गिऱ्हाइकानं हातात धरून हलवली, तरी गप्प.
अंगाचं ओझं पडलं की मगच: कर्र, कर्र.
माणूस जितका जड
तितकं खणखणीत.
हे पाळकसाहेबांना सांगायचं मनात होतं,
राहून गेलं.
त्यांच्या पायांत बूट असतात.

या रविवारी प्रभुभोजन होतं.
आमोस म्हणाला, धरू नकोस, मी जातो.
सगळी मंडळी डोकी खाली घालून, टाचणी पडली तर ऐकू यावी,
आणि मधल्या वाटेनं तो.
उजवी बोलते, डावी घासते.
कर्र. सर्रर्र.
कर्र. सर्रर्र.
चोपड्यांचा नातू खुदकन हसला,
आईनं चिमटा काढला,
तो आणखी मोठ्यानं हसला.
आमोस थांबला.
माझ्या पोटात गोळा आला.
मान वळवून त्यानं पोराकडं पाहिलं
आणि हसला, अर्ध्या तोंडानं.
अर्ध्याच तोंडानं हसतो तो आता,
पण हसतो पुरता.
मग पुढं गेला, उजवा हात पसरून भाकर घेतली,
आणि तेवढाच आवाज करत परत आला.
जागेवर बसल्यावर माझ्या कानात म्हणाला,
"तळ झिजलाय. नवीन कर की एक जोड."
कारागीर तो कारागीरच.

सोमवारी त्याचाच जोड घेतला, गिऱ्हाइकांचे बाजूला सारून.
तो खाटेवरून सांगत होता,
इथं जाड ठेव, अंगठा सैल.
उजवीत बी घातलं.
शेजारची हमीदा मावशी उंबऱ्यात बसून बघत होती.
"डावीत कशाला वाया घालवतीस?
त्यो पाय टेकतोय कुठं?"
खरं होतं तिचं.
डॉक्टरही काही बोलत नाहीत,
बघू म्हणतात.

मी डावीतही घातलं.
उजवीत जेवढं, तेवढंच.
वरून तळ ठेवला,
शिवण ओढली, दातानं दोरा तोडला,
आणि दूध आणायला म्हणून उठले
तर दारातच
माझीच चप्पल बोलली.